पदर भरलाय

बसा सिस्टर. दारापाशी उभ्या राहू नका, ह्या स्टुलावर बसा आन हा चा घ्या. निवला असला तरी घ्या. तुमाला एक गोष्ट सांगते. बाळंतिनींचा वेळ जावा म्हनून मी रंगवून सांगते ना, तसली नाय ही. ही मी कोनाला सांगितलेली नाय, माझ्या नवऱ्याला पन नाय, आन त्याला तर मी काय वाटेल ते सांगते. ऐका, आन मग तुमाला काय करायचं ते करा, मी आडवी येनार नाय. पोरीचा बाप बाहेर बाकड्यावर बसलाय, त्याला बसू द्या. ऑपरेशनच्या दारावर लाल दिवा हाय, डॉक्टरीनबाई आत सीजरला गुतल्यात, तो दिवा इझल्याबिगर त्याला कोन काय सांगनार. आन पडद्यामागं पोरगी हाय तिला मी कुशीवर निजवलीय, दोन चादरी घातल्यात अंगावर. एवड्या उकाड्यात दोन चादरी, तरी थरथरतेय. तिचं काय व्हायचं ते तुमी ह्या दारातनं बाहेर जाऊन काय बोलता त्यावर हाय. म्हनून बोलते, बसा.

तुमी तिच्या पोटावर हात ठेवलात तेवा मी पोटाकडं नाय, तुमच्या तोंडाकडं बघत होते. पोटाचं मला दारातच कळलेलं. पोरगी आत आली ती एक हात मागं कमरेला लावून, आन चपला काढायला वाकली नाय, पायानंच ढकलल्या. दोनी गालांवर वांग, कोनी चाच्या चोथ्याचं बोट फिरवल्यागत. तुमी बोटं बेंबीपाशी नेलीत, दाबून बघितलंत, मग खालच्या त्या काळ्या रेघेवरनं अंगठा फिरवलात, जसं काय पुसली जाते का बघताय. ब्लाऊज वर केलात. बोंडं काळीभोर, भोवती मोहरीएवडे दाने उठलेले, आन निळ्या शिरा, ओहोटीला खाडीच्या चिखलात फाटे पडतात तशा. तुमी कॉलेजात शिकलात, मी सासूच्या हाताखाली शिकले, दोगींना एकच दिसलं. मग तुमी तिला वळवलीत आन पाठ दिसली. पट्ट्याचे वळ. जुने पिवळे, नवे जांभळे, एकावर एक, चटई विनल्यागत. त्याच्यावर पन तुमी बोट ठेवलंत, पन लगेच उचललंत, तवा चटका देतो तसं. आन हात धुऊन काय बोललात? "मी सांगते त्यांना. वडील आहेत, त्यांना कळायलाच पायजे. लपवून काय पोट लपनार हाय का?" तिथंच मी तुमचं मनगट धरलं. राग नका धरू, माझे हात फिनेलचे होते. वैजयंती सिस्टर, तुमी साताऱ्याच्या, सरळ मानसं तुमी, वाकडं बोलायला जीभ वळत नाय तुमची. मला ते आवडतं. पन आज नको.

मगाशी काय झालं ते आदी सांगते. मी प्यासेजमदी फडकं मारत होते. फडकं मारताना मानसाची तोंडं कोन बघतो, पाय बघायचे. पायावरनं मला समजतं कोन नवीन बाप हाय, कोन सासरा, कोन भाड्याचा रिक्षावाला. बाकड्याखाली पाय होते, बुटातनं काढलेले, मोजे बुटात कोंबलेले, बूट चांगल्यातले. मी बोलले, "पाय वर घ्या जरा." त्यानं उचलले. डावी टाच माझ्या नाकापुढं आली. टाचेत आडवी चीर, बोटभर लांब, कदी शिवली नाय म्हनून तोंड उघडं राहिलेली, कडा शिंपल्यावानी टनक. माझ्या हातातनं बादली गेली. सगळं पानी प्यासेजभर. तो बोलला, "अगं मावशी, सांभाळून, बूट भिजतील." आन हसला. तुमी आतनं वरडलात, "काय पडलं गं?" मी बोलले, "काय नाय, बादली."  तोंडात एकदम नारळाच्या पान्याची चव आली. गोड. मला त्या चवीनं अजून ओकारी येते, म्हनून तर गनपतीत मी नारळ फोडायला थांबत नाय, लोक हसतात मला.

मान वर करून बघितलं. सफारी, गळ्यात साखळी, केस काळे केलेले. वामन. आता वामनशेट बोलतात, खडीचे डंपर हायत त्याचे, ह्या तुमच्या सेक्टरातल्या निम्म्या बिल्डिंगा त्याच्या खडीवर उभ्या हायत. त्यानं मला वळखलं नाय. कसं वळखनार, एकदाच बघितलेलं, तेवा मी नवी सून होते, अंगानं काडी. आन आयाच्या तोंडाकडं कोन बघतो, आया म्हंजे फडकंच, हात फुटलेलं. त्यानं पानी मागितलं. मी मागं पॅन्ट्रीत गेले. गिलास घेतला, माठाचं झाकन काढलं. आन सिस्टर, तिथं फळीवर ती लायसोलची बाटली असते ना, तपकिरी, तुमी मला रोज सांगता की झाकन घट्ट लाव, पोरंबाळं येतात. माझा हात तिच्यावर जाऊन बसला. मी नाय नेला, हात गेला. बाटलीची काच गार लागली. मी गिलासात बघत राहिले, पानी हलत होतं, माझा हात हलत होता म्हनून पानी हलत होतं, आन मला त्या पान्यात त्याचं तोंड दिसायला लागलं, गळा आतनं जळताना, त्या बाकड्यावरनं खाली, माझ्याच पुसलेल्या लादीवर, टाचा घासताना. किती बरं वाटलं ते बघायला. मी देवाधर्माची बाई, मुंगी वाचवून झाडू मारते, आन मला बरं वाटलं. मग आतनं कुठल्यातरी बाळानं टाहो फोडला, वॉर्डातल्या, आन मी हात काढला.

दिलं पानी. साधं. त्यानं वरनं पिलं, गळ्याची घाटी वरखाली झाली, गिलास माझ्याकडं न बघता माझ्या हातात दिला. मग हळूच बोलला, "मावशी, तुमी बाया सगळं समजता. आत काय भलतं निघालं तर आदी मला सांगा. डॉक्टरीनला नंतर. माझ्या घरची गोष्ट हाय, घरात मिटवतो." मिटवतो बोलताना त्यानं तळहात मांडीवर घासला, असा, दोनदा. म्हंजे त्याला वास आलेला हाय सिस्टर. कावीळ झालीय म्हनून पोरीला आनलीय, पन तो कावीळ बघायला आलेला नाय. तो तुमच्या तोंडनं ऐकायला आलाय, म्हंजे मग तो मोकळा.

आता ती गोष्ट. माझी सासू शेवंताबाई, खाडीकाठच्या पाड्यापाड्यांतली सुईन. आमचा पाडा जुई गावाच्या पल्याड, तेवा हितं सेक्टर नव्हते, मिठागरं होती, भात होतं, खाजन होतं, आन डोंगराला खानी लागलेल्या. सासू तोंडानं फटकळ, हातानं लोनी. मला शिकवायची ती चिमटे काढून. बाजारात बाई दिसली की चिमटा, "सांग, हिला कितवा?" मी बोलायची, "हिला काय नाय." दुसरा चिमटा. "डोले फुटले का गो तुजे, तिची मान बघ, मानेखाली शीर बघ कशी उडते. तिला सुक्या मासळीचा वास नको झालाय, पदर नाकाला लावून चालते." मला स्वतःला दिवस गेले ते पन तिनंच मला सांगितलं. मी शेतात तन काढत होते आन नकळत बांधाची माती खात होते, खारट, मला वाटलं मी बोटं चोखतेय. पोटात काय हाय ते बाईला शेवटी कळतं सिस्टर, आंग तिचं पन बातमी दुसऱ्याला आदी. हे माझं मला फार विचित्र वाटायचं. अजून वाटतं. आपल्या अंगावर कोन काळी रेघ ओढतो, आपन झोपेत असताना?

तर आमच्याकडं एक रीत होती. पुरुष गेला, बायको तरनी असली, की मयत उचलायच्या आदी तिचा पदर विचारायचा. सुईनीला बोलवायची. बाया लुगडी धरून आडोसा करायच्या, सुईन आत जाऊन त्या बाईला बघायची, आन बाहेर येऊन मयताच्या उशाशी उभी राहून सगळ्या गावाला आयकू जाईल असं बोलायची, पदर भरलाय, नायतर पदर रिकामा. भरलेला असला तर तिच्या वट्यात नारळ घालायचे. मग ते पोर त्या मेलेल्याचं, त्याचं नाव, त्याचं घर, त्याचा हिस्सा, कोनी बोट दाखवायचं नाय. आन रिकामा सांगितला तर मागून काय झालं तरी ते कोनाचंच नाय. मागून बोललेलं चालायचं नाय. बघायला गेलं तर बायांच्याच भल्याची रीत. कोनीतरी शान्या बाईनंच काडली असनार.

तर पल्याडच्या गावचा एक सिताराम, खानीत सुरुंगावर कामाला. सुरुंग उडाला नाय म्हनून बघायला गेला आन मग उडाला. त्याला आनला तो गोनपाटात. आमच्या पाड्यावर बोलावनं आलं, सासू निघाली, मला बोलली चल, लुगडं धरायला. वामन त्याचा मोठा भाऊ. मी त्याला पैल्यांदा बघितला तेवा तो छाती बडवून रडत होता. खोटं नाय सांगत, खरं रडत होता, नाकातोंडातनं पानी, "माझा सिता, माझा सिता." मला पन रडू आलं त्याचं बघून. सितारामची बायको चांगुना, भिंतीला टेकून बसलेली, डोळे उघडे आन आत कोनी नाय. आमी आडोसा केला. सासूनं तिच्या चोळीची गाठ सोडली. ती बोलली, "काय करता गो? मला ताप येतो, हिवतापाच्या गोळ्या चालू हायत, म्हनून मळमळतं." तिला ठाऊकच नव्हतं. सासूनं बघितलं, हात फिरवला, तिचा खालचा ओठ ओढून बघितला, कान हुंगल्यासारखं काय केलं ते मला अजून समजलेलं नाय. मी लुगड्याच्या कडेनं बघत होते. मोहरीचे दाने. तीच निळी फाट्याफाट्यांची खाडी. आन त्या मयतघरात, त्या गोनपाटाच्या वासात, मला आनंद झाला. सासूला पन झाला. ती चांगुनाच्या कानात बोलली, "गेला नाय गो तो. ठिवून गेलाय." आन बाहेर जाऊन खनखनीत आवाजात बोलली, "पदर भरलाय."

तेवा वामनाचं रडनं थांबलं. नळ बंद करतात तसं. मी ते बघितलं, दुसऱ्या कोनी बघितलं का ठाऊक नाय. डोळ्यातलं पानी गालावर होतं तिथंच राहिलं आन मागनं दुसरं आलं नाय. त्या दिवसांत जमिनी घ्यायला साहेब लोक यायला लागलेले, कोनाच्या नावावर काय हाय ते विचारायला लागलेले, भावाभावांत मोजनी चालू झालेली. मला तेवा हे काय समजत नव्हतं. मला एवडंच दिसलं की मानूस रडता रडता थांबला. पुढं होऊन त्यानंच भावाला खांदा दिला.

बाप्ये जाळून आले. पाय धुतले. दुपारचं ऊन, अंगनात सगळे बसले, आन कडू तोंड करायला लिंबाचा पाला वाटला. पन्नासएक मानसं पाला चावत होती, चक चक आवाज, बोलत कोनी नाय. चांगुना पायरीपाशी, वट्यात नारळ. सासू तिला पेज पाजत होती, मी ताटली धरलेली. वामन खाटेवर, मांडीवर त्याची पोरगी. त्यानं पोरीला उचलून खाली ठेवली, तिचा झगा नीट केला. उठला. चालत आला, पळत नाय, रागात नाय, मानूस ताट उचलायला येतो तसा. बोलला, "कोनाचा गो ह्यो?" चांगुना बोलली, "दादा, तुमच्या भावाचा." तो बोलला, "माझा भाव तर खानीवरच निजायचा." मग त्यानं तिच्या वट्यातला नारळ उचलला आन पायरीच्या कडेवर आपटला. पानी उडालं ते माझ्या तोंडावर आलं, वठावर. गोड. आन मग टाच. पोटात. एक नाय. ती वाकली तशी कमरेत, परत वळवून पोटात, पायानंच वळवली तिला, मासळी सुकायला उलटवतात तशी. आवाज मी सांगत नाय तुमाला. सासू तिच्यावर आडवी पडली तर सासूच्या बरगडीत. मी त्याचा पाय धरला, दोनी हातांनी कवटाळला, त्यानं मला तशीच फरफटवली, आन माझ्या डोळ्यापुढं ती चीर, फावड्याची जुनी जखम, तिच्यात रगत गेलेलं, ते त्याचं नव्हतं. लोकांना वाटलं मी पाया पडतेय. कोनी उठलं नाय सिस्टर. सगळ्यांच्या तोंडात पाला होता.

आमी दोगींनी तिला होडीत घातली, आमच्या पाड्यावर न्यायला. ओहोटी. पानी लांब, मदी गुडघाभर चिखल, त्यातनं होडी ढकलत नेली, सासू एका हातानं बरगडी धरून. होडीच्या बुडाला खारं पानी असतंच, ते लाल व्हायला लागलं, मी नरोटीनं उपसत होते, किती उपसलं तरी लालच. चांगुना वरडली नाय. एकदाच बोलली, "आता कळतंय, हाय ते." म्हंजे जेवा जायला निघालं तेवा तिला आतनं कळलं. तेवा मी बघितलं, सासू रडतेय, जी शंभर मेलेली पोरं हातानं काढून रडली नव्हती. मला बोलली, "खरं व्हतं गो. पन मी ते त्याच्या पुड्यात बोलाला नको व्हतं." त्याच्यानंतर पन तिला पदर विचारायला बोलवायचे. ती जायची, बघायची, आन बाहेर येऊन बोलायची, "मना आता दिसत नाय, म्हातारी झालू." आन त्या बाईच्या कानात काय ते सांगायची. लोक बोलायला लागले, शेवंता सुईनीची नजर गेली. ती मरेपर्यंत सुईत दोरा ववायची, दिव्याबिगर.

हसू नका, मी पन मार खाल्लाय नवऱ्याचा. कोन नाय खाल्ला. मी एकदा त्याच्या कपाळात आमटीची पळी घातली, तेवापासनं संसार बरा चाललाय. पन ते येगळं. ते दोगं मानसं भांडतात. हे येगळं. हा मारतो तेवा त्याच्या तोंडावर काय नसतं. मी वर्षानुवर्षं झोपेत ते तोंड बघितलंय. पोटुशी बाई टेबलावर घेतली की माझा हात आपसूक तिच्या पोटावर आडवा पडतो, तुमी मला दोनदा वरडलात त्यावरनं, "मावशी, हात काढा, मला ठोके आयकू दे." मी काय सांगनार तुमाला, मी काय अडवतेय ते.

काय बोललात? ही दुसरी पोरगी, ती दुसरी बाई? नाय सिस्टर. तुमी हात धुवायला गेलात तेवा ही काय बोलली ते आयका. मी तिच्या कमरेखाली उशी घालत होते, बोलले, "घाबरू नको गो, तुझं नाव काय?" बोलली, "मीना." मग माझं बोट धरलं आन बोलली, "मावशी, आत हलतंय. कालपासनं. मासा वळतो तसं." आन बाहेर बोट दाखवून बोलली, "त्यांना सांगू नका. माझ्या चांगुनाकाकीला त्यांनी मारलेलं, मी बघितलंय. मी बाबांच्या मांडीवर होते. मला खाली ठेवलं, माझा झगा नीट केला." सिस्टर, तोच झगा. तीच पोरगी. तेवडी बारकी होती, तिला आठवतंय.  मी तिला बोलले नाय की मी पन तिथं होते. ती बोलली, "काल मला वळ घातले ना, तेवा पन त्यांनी आदी माझी ओढनी घडी करून ठेवली."

पोरगा कोन ते मी विचारलं नाय, तीच बोलली, मस्कतला गेलाय, पत्र नाय. ते जाऊ द्या. पाडायचं म्हटलं तर ते पन आता उशीर झालाय, हे तुमाला माझ्यापेक्षा बरं कळतं, बेंबीला लागलंय. आता एकच, तिला त्याच्या घरात जाऊ द्यायची नाय.

तुमी बोलता खोटं बोलवनार नाय. मग मी विचारते, खरं म्हंजे काय हाय? तिच्या अंगावरची रेघ खरी, मोहरीचे दाने खरे, मासा वळला तो खरा. पन ते तिचं खरं हाय, तिच्या अंगाचं. ते उचलून त्याच्या हातात द्यायला आपन कोन? सासूनं दिलं, भल्यासाठीच दिलं, रीतीनं दिलं, आन मी होडी उपसत बसले. तो आत घरात मिटवनार. वाडा मोठा हाय त्याचा, मागं विहीर हाय, कोनाला कळनार पन नाय. पोरगी घसरली, बोलतील. आन तुमी हितं दुसऱ्या कोनाचे ठोके मोजत असनार, आन मी ही लादी पुसत असनार, त्याच्या टाचांच्या जागेवरची.

चांगुना जिती हाय. रेवसला, धक्क्याच्या वर, सुकी मासळी विकते, एक खोली हाय. मी जाते शिमग्याला तिच्याकडं. पोटाला आडवा हात धरून हसते, अजून. मागं एकदा मी तिला बोलले, वामनाच्या पोरी मोठ्या झाल्या असतील. ती बोलली, "बारकी मीना माझ्याच कुशीत निजायची गो. तिची आई आजारी असायची, तिला मीच न्हाऊ घालायची." बस एवडंच बोलली आन बोंबील उलटवायला लागली. ती नाय बोलनार नाय, सिस्टर. मी तिला वळखते. मी स्वतः पोरीला घेऊन भाऊच्या धक्क्यावरनं लाँचीत बसते, रजा मांडा माझी.

बघा, लाल दिवा इझला. बाई आता बाहेर येतील, हातमोजे काढतील, चा मागतील. माझं त्या आयकनार नाहीत, आयाचं कोन आयकतो, पन तुमचं आयकतील. पाठीवरचे वळ दाखवा त्यांना, मग फार बोलायला लागनार नाय, त्या पन बाईच हायत. मुंबईच्या मोठ्या इस्पितळाची चिठ्ठी आन ॲम्ब्युलन्स, एवडंच मागा, तिथनं पुढं रेवसचं मी बघते. आन बाहेर जाऊन त्याला सांगायचं, ओवरीला, आतल्या अंड्याच्या पिशवीला, गाठ हाय, मोठी, म्हनून पोट दिसतं, म्हनून पाळी नाय. लगेच हलवायला पायजे. तिथं बायांच्या वॉर्डात बाप्यांना सोडत नाहीत, हे पन सांगा. गाठ बोललं की तो गप्प बसेल. गाठीची लाज नसते. सावकाश बोला, जशा तुमी रोज बोलता, पुस्तकातलं बोलल्यासारखं. तुमच्या तोंडावर खोटं दिसत नाय, तेच तर पायजे. तुमची नोकरी जाईल, माझी जाईल, जाऊ दे. नाय जमत असलं तर तसं सांगा, मी तुमाला शाप देनार नाय.

आयकलंत? तोच. "ओ मावशी, पानी आना जरा, घसा सुकला." बघा माझे हात. मगाशी पन असेच हलत होते. आता तर मी तिची पाठ बघितलीय, तिचं आयकलंय. पॅन्ट्रीत ती बाटली फळीवरच हाय, झाकन सैल हाय, मी लावलंच नाय.

ऊठ वैजयंती, ऊठ पोरी. गाठ हाय, एवडं बोल त्याला, आन ताठ उभी राहून बोल. आन जाताना माठातलं पानी तू भर, तूच दे त्याला. माझ्या हातात गिलास नको देऊ.